सोलापूरचे डॉक्टर, चीनची आघाडी

मैत्रिणींनो, मीरा रोडला पूनम सागरमध्ये रात्री-अपरात्री कुणाला बरं नसलं, तर रिक्षात घालायचं आणि दवाखाना गाठायचा, एवढं आपल्याला ठाऊक. पण लढाईत जखमी झालेल्यानं डोंगर तुडवत दवाखाना गाठायचा कसा? वाटेतच रक्त जातं, जखम चिघळते. म्हणून दवाखान्यानंच त्याच्याकडे जायचं! हे काम केलं आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी.

जन्म १९१० चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सप्टेंबर १९३८ मध्ये ते बोटीने निघाले, तेव्हा द्वारकानाथांना अठ्ठावीसही पूर्ण नव्हती. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली. घरी आई, भावंडं. मन किती ओढलं असेल! पण ते परतले नाहीत.

आघाडीजवळची फिरती शस्त्रक्रिया पथकं कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथून यांनी उभी केली होती. सामान खेचरांवर लादायचं, शेतकऱ्याच्या घरात नाहीतर देवळात टेबल मांडायचं, शत्रू जवळ आला की गाशा गुंडाळायचा. नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथून स्वतःच रक्तदोषानं गेले. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, त्याचं निमित्त झालं. त्यांचं काम कोटणीसांनी पुढे नेलं. १९४० च्या लढाईत तर सलग ७२ तास त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तिथेच परिचर्या शिकवणाऱ्या गुओ चिंगलानशी त्यांनी त्याच वर्षी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिन्हुआ, म्हणजे भारत आणि चीन.

पण कष्टानं शरीर पोखरलं होतं. फेफऱ्याचे झटके येत, तरी काम थांबलं नाही. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय अवघं ३२, बाळ साडेतीन महिन्यांचं.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, म्हणून नाव घरोघरी पोचलं. चिंगलानचं दुःख मात्र तेवढ्यावर संपलं नाही. वैद्यकी शिकत असलेला यिन्हुआही १९६७ मध्ये गेला. तरी तिने सासरचा धागा सोडला नाही, ती अनेकदा भारतात आली. २०१२ मध्ये तिचं निधन झालं. कोटणीसांची आठवण काढताना सोलापूरच्या या चिनी सुनेलाही विसरू नका.