‘ध’ चा ‘मा’ : दोष अक्षराचा की धन्याचा?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी आलेले गणराय आता निरोपाच्या तयारीत आहेत. या दिवसांत नाशिककर भाविकांची पावले गावाच्या पश्चिमेस, गोदेच्या काठी वसलेल्या आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीकडे आपोआप वळतात. हे मंदिर राघोबादादा पेशवे आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी पुत्रप्राप्तीचा नवस फेडण्यासाठी १७६४ साली बांधले, अशी परंपरा आहे. ज्या दांपत्याने इतक्या भक्तिभावाने विघ्नहर्त्यास साकडे घातले, त्याच दांपत्याचे नाव पुढे नऊच वर्षांनी, तेही गणेशोत्सवाच्याच दिवसांत, महाराष्ट्राच्या इतिहासातील एका घोर पातकाशी कायमचे जोडले गेले. या विसंगतीचा विचार आजच्या दिवशी करावा, म्हणून रघुनाथरावांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

थोरल्या बाजीरावांचे हे धाकटे चिरंजीव १७३४ साली साताऱ्याजवळील क्षेत्र माहुली येथे जन्मले. पित्याचे शौर्य त्यांच्या अंगी पुरेपूर उतरले होते. १७५८ साली त्यांच्या सैन्याने लाहोर घेतले आणि मराठ्यांची निशाणे अटकेपर्यंत पोहोचली. आजही आपण ‘अटकेपार झेंडा’ म्हणतो, तो याच मोहिमेच्या स्मरणाने. हा मनुष्य क्षुद्र किंवा भेकड नव्हता, हे प्रथमच ध्यानी घेतले पाहिजे. पातक केवळ नीच माणसाच्या हातून घडते, अशी समजूत करून घेतली की आपण स्वतः त्यातून सहज सुटतो!

१७६१ साली पानिपतचा घात झाला, त्याच वर्षी नानासाहेब पेशवे निवर्तले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. येथूनच दादासाहेबांच्या मनात समर्थनांची मालिका सुरू झाली. आपण वडीलधारे, आपण अनुभवी, आपण तलवार गाजविलेली. मग कारभार पोराच्या हाती का? या प्रश्नात वरवर पाहता काही खोटे नव्हते. परंतु त्याच्याच आधाराने ते १७६२ साली निजामाचे साह्य घेऊन पुतण्यावर चालून गेले. घरच्या कलहात राज्य बुडू नये म्हणून माधवराव स्वतः होऊन काकांच्या स्वाधीन झाले. वाटणीचा हट्ट मात्र सुटला नाही. अखेर १७६८ साली आपल्याच जिल्ह्यातील धोडप किल्ल्याच्या परिसरात माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना पुण्यास नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

१७७२ च्या कार्तिकात थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात माधवरावांनी देह ठेवला. मरणापूर्वी त्यांनी काकांशी समेट करून धाकट्या नारायणरावास त्यांच्या हाती सोपविले होते. ही ठेव दादासाहेबांनी किती दिवस सांभाळली? वर्षही लोटले नाही. नारायणराव तरुण आणि उतावळे होते. एप्रिल १७७३ मध्ये त्यांनी काकांना पुन्हा अटकेत ठेवले. अपमानाचे हे शल्य दादासाहेबांच्या जिव्हारी लागले आणि थकलेल्या पगारासाठी कुरकुरणाऱ्या गारद्यांशी गुप्त बोलणी सुरू झाली.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. त्या दिवशी नारायणराव पर्वतीच्या दर्शनास गेले होते. कटाची कुणकुण त्यांच्या कानी आली होती आणि हरिपंत फडके यांना त्यांनी सावधही केले होते. परंतु हरिपंत आधी भोजनास गेले. दुपारी सुमेरसिंग गारद्याची टोळी वाड्यात घुसली. अठरा वर्षांचा पेशवा धावत काकांच्या दालनात गेला आणि त्यांच्या गळ्यास मिठी घालून जीव वाचविण्याची विनवणी करू लागला. चापाजी टिळेकर या सेवकाने धन्यावर स्वतःचे अंग घातले. गारद्यांनी दोघांनाही ठार केले.

पुढचा कथाभाग महाराष्ट्रात पोराबाळांना ठाऊक आहे. दादासाहेबांनी पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला होता. कोणीतरी एक अक्षर बदलून ‘धरावे’ चे ‘मारावे’ केले. हे कृत्य आनंदीबाईंचे, असा प्रवाद पडला आणि ‘ध’ चा ‘मा’ करणे हा भाषेतला वाक्प्रचारच झाला. ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत नोंदविली असली, तरी बाईंच्या हाताबद्दलचा आरोप लोकांनी लावलेला आहे, इतकेच त्यावरून म्हणता येते.

आम्हांस या ठिकाणी वाचकांना एक विचारावेसे वाटते. घटकाभर ही कथा अक्षरशः खरी धरली, तरी तिने दादासाहेब निर्दोष ठरतात काय? बंधूच्या पुत्राला, मरणोन्मुख पुतण्याने हाती दिलेल्या ठेवीला, पगारासाठी चवताळलेल्या शस्त्रधाऱ्यांकडून धरविणे हेच मूळ पातक होय. ज्याने वणव्यात ठिणगी टाकली, त्याने मागाहून आपण एकच झाड जाळू इच्छीत होतो असे सांगावे, तसा हा प्रकार आहे. एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर सारा भार टाकून धनी मोकळा होतो. आणि ती कथा पिढ्यान्‌पिढ्या चवीने सांगणारे आपणही त्याला मोकळे करतो.

वस्तुतः त्या दिवशी वाड्यात प्रत्येकाजवळ आपापले समर्थन तयार होते. गारद्यांना थकलेला पगार होता आणि धन्याचा हुकूम होता. दादासाहेबांना अपमान होता, वडीलकीचा हक्क होता. ज्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले, त्यांना जिवाचे भय होते. हरिपंतांसारख्या सज्जनालाही धोका इतका जवळ आला असेल असे वाटले नाही. आपले धर्मशास्त्र मात्र अशा वाटण्या मान्य करीत नाही. कर्म करविणारा, त्यास संमती देणारा आणि ते प्रत्यक्ष करणारा, असे तिघेही त्याच्या फळाचे भागीदार होत, असे आपस्तंब धर्मसूत्रात सांगितले आहे. हिशेब इतका सरळ आहे.

तो हिशेब उघडपणे मांडण्याचे धैर्य एकाच पुरुषाने दाखविले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हेही मूळचे माहुलीचेच. पेशवाईची वस्त्रे दादासाहेबांच्या अंगावर चढली होती आणि पुणे मुकाट होते. रामशास्त्र्यांनी सुमारे दीड महिना शांतपणे चौकशी केली, कागद मिळविला आणि दोष थेट नव्या पेशव्यावर ठेवला. दादासाहेबांनी धरण्याचा हुकूम दिल्याचे कबूल केले, मारण्याचा नाकारला. मग त्यांनी प्रायश्चित्त विचारले. दानधर्म, तीर्थयात्रा, अनुष्ठान असे काही सांगितले जाईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. शास्त्रीबोवांनी देहांत प्रायश्चित्ताखेरीज दुसरे नाही असे सांगितले आणि अशा राज्यात राहणार नाही म्हणून ते पुणे सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. पुढे बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर त्यांना सन्मानाने परत आणण्यात आले. बारभाईंच्या वतीने दादासाहेबांचा पाठलाग करणाऱ्या सेनानींत हरिपंत फडकेही होते.

१८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला आणि दादासाहेबांच्या पेशवाईचा आधारच तुटला. मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला. एक पाप झाकण्यासाठी दुसरे, दुसरे निस्तरण्यासाठी तिसरे! गादीच्या हक्काचे समर्थन करता करता अटकेपर्यंत गेलेला वीर परक्यांच्या आश्रयाने स्वजनांवर चालून आला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे युद्ध संपले. दादासाहेबांना दरमहा पंचवीस हजारांचे वेतन मिळाले आणि ते गोदातीरी कोपरगावास येऊन राहिले. तेथेच ११ डिसेंबर १७८३ रोजी त्यांचे देहावसान झाले. आनंदीबाईंनी १७९४ साली आनंदवल्लीस देह ठेवला.

शास्त्रात प्रायश्चित्ताचा आरंभ पाप परिषदेसमोर उघड सांगण्यापासून होतो. व्रत आणि दान त्यानंतर येतात. दादासाहेबांनी अर्धेच सांगितले. उरलेले अर्धे एका अक्षरावर ढकलले आणि तेथेच प्रायश्चित्ताचे दार त्यांना बंद झाले. त्यांच्या आयुष्यातील खरा अनर्थ आम्हांस येथे दिसतो. हुकूम देताना ते चुकले. परंतु तो हुकूम संपूर्णपणे आपला म्हणण्याची संधी रामशास्त्र्यांनी समोर आणून ठेवली असताही त्यांनी ती दवडली.

आपल्या घरात गारदी नाहीत की गादीचा तंटा नाही. पण भावाच्या वाटणीत फसवणूक होते, सुनेच्या डोळ्यांत पाणी येते, तराजूचे पारडे झुकते, कागदावर खोटी सही पडते. आणि प्रत्येक ठिकाणी आपले म्हणणे तयार असते, की आपण एवढेच सांगितले होते, बाकीचे दुसऱ्याने केले. नवश्या गणपतीपुढे हात जोडताना आपण मागणे पुष्कळ मागतो. यंदा मूर्ती पाण्यात सोडण्यापूर्वी वर्षभरातील एक तरी चूक, अक्षराचाही आडोसा न घेता, त्याच्यापुढे आणि जिचा अपराध केला त्या व्यक्तीपुढे संपूर्ण कबूल करावी. असे निर्मळ मन पाठीशी असले, तर पुढल्या वर्षी लवकर येण्याची आपली विनवणी बाप्पाच्या कानी खचित पडेल.