ह्यू गेटस्केल

ह्यू टॉड नेलर गेटस्केल (९ एप्रिल, १९०६ – १८ जानेवारी, १९६३) हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ, राजकारणी आणि मजूर पक्षाचे नेते होते. १९५०–५१ मध्ये ते ब्रिटनचे अर्थमंत्री होते आणि डिसेंबर १९५५ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी मजूर पक्षाचे व संसदेतील विरोधी पक्षाचे नेतृत्व केले. ते पंतप्रधान कधीच झाले नाहीत. तरीही ब्रिटनमधील पक्षांतर्गत लोकशाहीच्या इतिहासात त्यांचे नाव वारंवार येते. पक्षाच्या वार्षिक अधिवेशनाने केलेला ठराव पक्षाच्या संसदीय नेत्यावर बंधनकारक असतो का, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत जितक्या उघडपणे लढला गेला, तितका त्यापूर्वी क्वचितच लढला गेला होता.

बालपण आणि शिक्षण

गेटस्केल यांचा जन्म लंडनमधील केन्सिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील आर्थर गेटस्केल हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते व त्यांची नेमणूक तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग असलेल्या ब्रह्मदेशात होती. आई अ‍ॅडेलेड या शांघायमधील ब्रिटिश वाणिज्यदूताच्या कन्या. साम्राज्याच्या प्रशासकीय वर्गातील इतर अनेक मुलांप्रमाणे ह्यू यांचेही बालपण बरेचसे आईवडिलांपासून दूर गेले. वडील १९१५ मध्ये वारले.

विंचेस्टर कॉलेजनंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९२७ मध्ये तत्त्वज्ञान, राजकारण व अर्थशास्त्र या विषयांत प्रथम श्रेणी मिळवली. १९२६ च्या सार्वत्रिक संपात त्यांनी संपकरी कामगारांच्या बाजूने काम केले. त्यांच्या वर्गातील बहुतेक विद्यार्थी संप मोडण्यासाठी स्वयंसेवक म्हणून जात असताना घेतलेला हा निर्णय त्यांच्या राजकीय जीवनाची सुरुवात मानला जातो. समाजवादी विचारवंत जी. डी. एच. कोल यांचा त्यांच्यावर या काळात मोठा प्रभाव होता. पदवीनंतर एक वर्ष त्यांनी नॉटिंगहॅमशायरमधील खाणकामगारांना प्रौढशिक्षण वर्गांत शिकवले आणि पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे अर्थशास्त्राचे अध्यापन केले.

१९३३–३४ मध्ये ते अभ्यासासाठी व्हिएन्नात होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये डॉलफुस सरकारने तेथील समाजवादी चळवळ लष्करी बळावर चिरडली, ती त्यांच्या डोळ्यांदेखत. पराभूत समाजवाद्यांना देशाबाहेर काढण्याच्या कामात त्यांनी मदत केली. शस्त्रबळाविना लोकशाहीचे रक्षण होत नाही, ही त्यांची पुढील काळातील ठाम समजूत येथे घडली असावी. १९३७ मध्ये त्यांचा विवाह डोरा फ्रॉस्ट यांच्याशी झाला. या दांपत्याला दोन मुली झाल्या.

संसद आणि मंत्रिपद

दुसऱ्या महायुद्धात गेटस्केल यांनी आर्थिक युद्ध मंत्रालयात व व्यापार मंडळात ह्यू डाल्टन यांच्या हाताखाली काम केले. १९४५ मध्ये ते लीड्स दक्षिण मतदारसंघातून निवडून आले व अखेरपर्यंत त्याच मतदारसंघाचे खासदार राहिले. १९४६ मध्ये इंधन व ऊर्जा खात्यात कनिष्ठ मंत्री आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये त्याच खात्याचे मंत्री अशी त्यांची चढती वाटचाल झाली. १९४९ मध्ये अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स आजारी असताना पौंडाचे अवमूल्यन करावे, या मताकडे सरकारला वळवणाऱ्या तरुण मंत्र्यांत ते अग्रभागी होते. त्या सप्टेंबरमध्ये पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणण्यात आली. ऑक्टोबर १९५० मध्ये क्रिप्स यांनी राजीनामा दिला, तेव्हा संसदेत अवघी पाच वर्षे काढलेले गेटस्केल अर्थमंत्री झाले. १९४२ मध्ये भारतात शिष्टाई घेऊन आलेले क्रिप्स ते हेच.

कोरियन युद्धामुळे ब्रिटनने तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा संरक्षण कार्यक्रम स्वीकारला होता. त्याचा भार पेलण्यासाठी एप्रिल १९५१ च्या अर्थसंकल्पात गेटस्केल यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवेतून मिळणाऱ्या कवळ्या व चष्म्यांवर शुल्क आकारले. रक्कम फार मोठी नव्हती; पहिल्या वर्षी तिच्यातून सुमारे १.३ कोटी पौंड मिळणार होते. परंतु मोफत उपचाराचे तत्त्व मोडले, असे आरोग्य सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांना वाटले. बेव्हन, हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनी राजीनामे दिले. एवढ्याशा रकमेसाठी पक्षात फूट पाडण्याचा दोष दोघांकडेही जातो. गेटस्केल यांनी तडजोडीच्या सूचना नाकारल्या आणि बेव्हन यांनीही माघार घेतली नाही. त्याच वर्षी मजूर पक्षाने सत्ता गमावली आणि हा वाद पुढे दशकभर चालत राहिला.

सत्तांतरानंतर हुजूर पक्षाचे अर्थमंत्री आर. ए. बटलर यांचे धोरण गेटस्केल यांच्या धोरणाशी इतके मिळतेजुळते होते की द इकॉनॉमिस्ट या साप्ताहिकाने १९५४ मध्ये दोघांच्या आडनावांतून ‘बट्सकेलिझम’ हा शब्द बनवला.

अधिवेशनाची रचना

गेटस्केल यांच्या पुढील संघर्षाचे स्वरूप कळण्यासाठी मजूर पक्षाच्या अधिवेशनाची त्या काळातील रचना लक्षात घ्यावी लागते. अधिवेशन दर शरद ऋतूत, बहुधा ब्लॅकपूल, स्कारबरो किंवा ब्रायटन अशा समुद्रकिनारी गावी भरे. उन्हाळी पर्यटक परतल्यावर तेथील हॉटेले व सभागृहे मोकळी असत. पक्षाच्या घटनेनुसार अधिवेशन हे पक्षाचे सर्वोच्च धोरण ठरवणारे व्यासपीठ होते. मात्र तेथे एका प्रतिनिधीला एक मत नसे. पक्षाशी संलग्न कामगार संघटना आपल्या संलग्न सदस्यसंख्येइतकी मते एकगठ्ठा टाकत. वाहतूक व सर्वसाधारण कामगार संघटनेसारख्या एका संघटनेकडेच दहा लाखांच्या घरात मते होती, आणि सर्व मतदारसंघ शाखांची मते मिळूनही एकूण मतांच्या साधारण एकषष्ठांश भरत. सभागृहातील भाषणांनी प्रतिनिधींचे मन वळले, तरी कार्ड वर करणाऱ्या संघटनेचा निर्णय बहुधा काही महिने आधी तिच्या स्वतःच्या परिषदेत झालेला असे.

दुसरीकडे, पक्षाचा नेता अधिवेशन निवडत नसे. तो अधिकार फक्त खासदारांचा होता आणि १९८१ पर्यंत तसाच राहिला. शिवाय अधिवेशनाचा ठराव पक्षाच्या कार्यक्रमात समाविष्ट होण्यासाठी दोनतृतीयांश बहुमताची अट होती, आणि निवडणूक जाहीरनाम्यात कार्यक्रमातील काय घ्यावे हे राष्ट्रीय कार्यकारिणी व संसदीय नेतृत्व मिळून ठरवत असे. संघटनांचे नेते उजव्या गटाचे असेपर्यंत ही विसंगती कोणाला फारशी टोचली नाही. १९५६ मध्ये फ्रँक कझिन्स वाहतूक कामगारांच्या संघटनेचे सरचिटणीस झाले आणि चित्र पालटले.

नेतृत्वाकडे

१९५२ च्या मोरकॅम अधिवेशनात राष्ट्रीय कार्यकारिणीतील मतदारसंघ शाखांच्या सातपैकी सहा जागा बेव्हन गटाने जिंकल्या. हर्बर्ट मॉरिसन आणि डाल्टन यांच्यासारखे ज्येष्ठ नेते पराभूत झाले. त्यानंतर काही दिवसांतच स्टेलीब्रिज येथील भाषणात गेटस्केल यांनी मतदारसंघ प्रतिनिधींपैकी सुमारे एकषष्ठांश कम्युनिस्ट किंवा कम्युनिस्टप्रेरित असल्याचा ऐकीव अंदाज उद्धृत केला. त्याला पुरावा नव्हता आणि सामान्य कार्यकर्त्यांच्या मनात त्याची अढी दीर्घकाळ राहिली. संघटनांच्या मोठ्या नेत्यांना मात्र त्यांच्या रूपाने आपला माणूस सापडला. त्यांच्या मतांवरच गेटस्केल १९५४ मध्ये बेव्हन यांचा पराभव करून पक्षाचे खजिनदार झाले. मार्च १९५५ मध्ये बेव्हन यांना पक्षातून काढण्याचा प्रयत्न कार्यकारिणीत एका मताने फसला. गेटस्केल हकालपट्टीच्या बाजूने होते.

डिसेंबर १९५५ मध्ये क्लेमंट अ‍ॅटली निवृत्त झाले. खासदारांच्या मतदानात गेटस्केल यांना १५७, बेव्हन यांना ७० व मॉरिसन यांना ४० मते मिळाली. १९५६ च्या सुएझ प्रकरणात त्यांनी ईडन सरकारच्या लष्करी कारवाईला कडाडून विरोध केला. बेव्हन यांच्याशी त्यांचे जुळवून घेणेही याच काळात झाले. १९५७ च्या ब्रायटन अधिवेशनात बेव्हन यांनी एकतर्फी अण्वस्त्रत्यागाच्या मागणीला विरोध केला, तेव्हा त्यांच्या अनुयायांना मोठा धक्का बसला.

कलम ४ चा वाद

१९५९ ची सार्वत्रिक निवडणूक मजूर पक्ष जिंकेल अशी अनेकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात हुजूर पक्षाला १०० जागांचे बहुमत मिळाले. नोव्हेंबरमध्ये ब्लॅकपूल येथे भरलेल्या अधिवेशनात गेटस्केल यांनी पक्षघटनेतील कलम ४ बदलण्याची सूचना मांडली. सिडनी वेब यांनी मसुदा केलेल्या व १९१८ मध्ये स्वीकारलेल्या या कलमात उत्पादनसाधनांच्या सामाईक मालकीचे ध्येय होते आणि ते सदस्यत्वाच्या कार्डावर छापलेले असे. सगळेच उद्योग राष्ट्रीयीकृत करण्याचा पक्षाचा इरादा नाही, मग तसे सुचवणारे वाक्य मतदारांपुढे का ठेवावे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

तर्क सुसंगत होता. राजकीय अंदाज चुकला. डाव्या गटाचा विरोध अपेक्षित होता, पण एरवी निष्ठावंत असलेल्या संघटनाही बिथरल्या. त्यांच्या दृष्टीने ते कलम धोरणाचा मसुदा नव्हता, तर चळवळीची ओळख होती. १९६० च्या उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक संघटनांनी बदलाविरुद्ध ठराव केले आणि कलम बदलण्याचा प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

स्कारबरो, १९६०

याच वेळी अण्वस्त्रांचा प्रश्न पेटला. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या अण्वस्त्र निःशस्त्रीकरण मोहिमेचे ऑल्डरमास्टन मोर्चे वाढत होते आणि एप्रिल १९६० मध्ये सरकारने ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्र रद्द केल्याने स्वतंत्र ब्रिटिश अण्वस्त्रांची कल्पनाच डळमळीत झाली. कलम ४ मुळे दुखावलेल्या अनेकांना नेत्याविरुद्ध मत देण्याचे आणखी एक कारण मिळाले. जुलैमध्ये बेव्हन यांचे निधन झाले. पक्षाच्या दोन्ही गटांना बांधून ठेवू शकणारा माणूस नेमका हव्या त्या वेळी उरला नाही.

५ ऑक्टोबर १९६० रोजी स्कारबरो येथे चर्चा झाली. संघटनांचे निर्णय आधीच झाले असल्याने पराभव निश्चित होता, हे गेटस्केल यांनाही ठाऊक होते. तरीही त्यांनी आपली भूमिका सौम्य केली नाही. संसदेतील खासदारांनी मतदारांना दिलेले वचन एका दिवसाच्या मतदानाने सोडून द्यावे, हे त्यांना अमान्य होते. हा निर्णय उलटवण्यासाठी आपण पुन्हा पुन्हा लढू, असे त्यांनी जाहीर केले. अभियांत्रिकी कामगार संघटनेचा एकतर्फी निःशस्त्रीकरणाचा ठराव सुमारे चार लाख मतांनी, तर कझिन्स यांच्या संघटनेचा ठराव अवघ्या ४३ हजार मतांनी मंजूर झाला. साठ लाखांहून अधिक मतांच्या मोजणीत हे अंतर नगण्यच होते. नेतृत्वाने भीती बाळगली होती त्याहून पराभव खूपच लहान ठरला. भाषणामुळे मतदारसंघ शाखांची बरीच मते फिरली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

नोव्हेंबरमध्ये विल्सन यांनी नेतेपदासाठी आव्हान दिले. गेटस्केल १६६ विरुद्ध ८१ मतांनी विजयी झाले. दरम्यान बिल रॉजर्स, अँथनी क्रॉसलंड, रॉय जेन्किन्स आदींनी उभारलेल्या ‘कॅम्पेन फॉर डेमोक्रॅटिक सोशॅलिझम’ या गटाने संघटनांच्या शाखांत चिकाटीने काम केले. १९६१ च्या ब्लॅकपूल अधिवेशनात दुकान कर्मचारी व अभियांत्रिकी कामगार यांच्या संघटना बाजू बदलून आल्या आणि नेतृत्वाचे संरक्षणविषयक निवेदन सुमारे तीनचतुर्थांश मतांनी मंजूर झाले. त्याच अधिवेशनाने पोलारिस पाणबुड्यांच्या तळाविरुद्ध ठराव केला, ही गोष्ट विजयाच्या वर्णनांत सहसा गाळली जाते. अधिवेशन श्रेष्ठ की संसदीय पक्ष, या मूळ प्रश्नाचेही उत्तर मिळाले नाही. दोघांची मते पुन्हा जुळल्यामुळे तो प्रश्न काही वर्षांपुरता मागे पडला, इतकेच.

राष्ट्रकुल आणि युरोप

१९६१ च्या अखेरीस हुजूर सरकारने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या ब्रिटन-प्रवेशावर निर्बंध घालणारे विधेयक आणले. भारत, पाकिस्तान व वेस्ट इंडीजमधून येणाऱ्यांवर त्याचा थेट परिणाम होणार होता. जनमत निर्बंधांच्या बाजूने असूनही गेटस्केल यांनी विधेयकाला वर्णभेदी ठरवून संसदेत तीव्र विरोध केला.

युरोपीय सामायिक बाजारपेठेत प्रवेशासाठी पक्षाने पाच अटी घातल्या होत्या. राष्ट्रकुलाच्या व्यापारी हितांचे रक्षण ही त्यांतील एक होती. ३ ऑक्टोबर १९६२ रोजी ब्रायटन अधिवेशनात दीड तासाहून अधिक चाललेल्या भाषणात गेटस्केल यांनी देऊ केलेल्या अटींवर प्रवेश नाकारला आणि संघराज्यात सामील होणे म्हणजे ब्रिटनच्या सहस्रवर्षांच्या स्वतंत्र इतिहासाचा शेवट, अशी मांडणी केली. सभागृह उठून उभे राहिले. कझिन्स यांनी या भाषणाच्या दहा लाख प्रती छापण्याचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. जेन्किन्स यांच्यासह त्यांचे सर्वांत जवळचे सहकारी मात्र खिन्न झाले. टाळ्या भलतेच लोक वाजवत असल्याचे डोरा गेटस्केल यांच्या लक्षात आले होते, असे सांगितले जाते.

मृत्यू आणि नंतर

डिसेंबर १९६२ मध्ये गेटस्केल आजारी पडले. जानेवारीत त्यांना लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात दाखल करण्यात आले. १४ जानेवारी रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनच्या युरोप-प्रवेशाला नकार दिला. त्यानंतर चार दिवसांनी, वयाच्या ५६ व्या वर्षी, ल्युपस या विकारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने गेटस्केल यांचे निधन झाले. सोव्हिएत हेरखात्याने त्यांचा घात केल्याची वदंता पुढे पसरली. तिला ठोस आधार मिळालेला नाही. हॅम्पस्टेड येथील सेंट जॉन चर्चच्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

फेब्रुवारी १९६३ मध्ये हॅरॉल्ड विल्सन पक्षाचे नेते झाले आणि पुढील वर्षी पंतप्रधान. गेटस्केल यांचे तरुण अनुयायी जेन्किन्स व रॉजर्स यांनी १९८१ मध्ये मजूर पक्ष सोडून सोशल डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन केली. नेता निवडण्याचा खासदारांचा एकाधिकार अधिवेशनाने संपवला, तोही त्याच वर्षी. कलम ४ मात्र २९ एप्रिल १९९५ पर्यंत टिकले. त्या दिवशी लंडनमधील विशेष अधिवेशनाने टोनी ब्लेअर यांनी मांडलेला नवा मजकूर स्वीकारला.