केरी आणि माझं अर्धं राहिलेलं भाषण



'शाळेत भेटलेली थोर व्यक्ती' या विषयावर लिही, असा स्मरणिका समितीचा निरोप आला आणि मला आठवीतली वक्तृत्व स्पर्धा आठवली. बहुतेकांनी टिळक, सावित्रीबाई, आइनस्टाइन घेतले होते. मला ग्रंथालयात एक कव्हर फाटलेलं पुस्तक मिळालं, म्हणून मी विल्यम केरी घेतले. पाच मिनिटं न अडखळता बोलले. दुसरा नंबर आला, स्टीलचा डबा मिळाला. तो डबा अजून घरात आहे.

बक्षीस समारंभानंतर इतिहासाच्या बाईंनी मला बाजूला बोलावलं. केरींचं श्रीरामपूर म्हणजे आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं, हे समजावून सांगितलं. मग या माणसाच्या घरी कोण कोण होतं, असं विचारलं. मला सांगता आलं नाही. बाई नुसत्या हसल्या. तो प्रश्न मात्र माझ्याकडे तसाच राहिला. आज तीस वर्षांनी ते भाषण पूर्ण करते.

केरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी या खेड्यातला. वडील विणकर, पुढे गावच्या शाळेचे मास्तर. मुलगा जोडे शिवायला शिकला. जोडे शिवता शिवता पुस्तकं समोर ठेवून लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच अशा भाषा स्वतःच शिकत गेला. पुढे बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. आपल्याला जो शुभसंदेश मिळाला तो जगातल्या इतर देशांतही नेला पाहिजे, हे आपलं कर्तव्यच आहे, असं केरींना वाटे. त्या काळी तिथल्या अनेक बुजुर्ग धर्मोपदेशकांना हे पटत नसे. केरींनी १७९२ मध्ये देशोदेशींच्या लोकसंख्येचे तक्ते देऊन एक पुस्तिकाच छापली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी एका घरात मूठभर माणसं जमली आणि मिशनरी सोसायटी स्थापन झाली. वर्गणी जमली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. परदेशी जायला केरी स्वतःच तयार झाले.

माझ्या भाषणात यानंतर थेट बंगाल येत असे. मधला भाग मी गाळला होता.

केरींचं लग्न १७८१ मध्ये डोरोथी प्लॅकेट यांच्याशी झालं होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी फुली काढली. हिंदुस्थानात जायचं ठरलं तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्यांनी यायला साफ नकार दिला. केरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाले. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता, त्यामुळे जहाजावरून उतरावं लागलं. दुसरं जहाज मिळेपर्यंत बाळ जन्मलं होतं. पुन्हा विनवणी झाली. धाकटी बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, या अटीवर डोरोथी तयार झाल्या. १३ जून १७९३ रोजी चार मुलं घेऊन सगळे एका डॅनिश जहाजावर चढले. धाकटा जेबेझ काही आठवड्यांचा होता.

नोव्हेंबरात कलकत्ता आलं. बरोबरचे सहकारी जॉन थॉमस हे डॉक्टर होते, मनाने चांगले, पण हिशेबाला कच्चे. पैसे लवकरच संपले. कुटुंब आधी सुंदरबनाच्या बाजूला गेलं. किटीने तिथेच एका इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि डोरोथींची सोबत सुटली. मग माल्दा भागातल्या मुदनाबाटी इथे नीळ कारखान्याच्या देखरेखीची नोकरी मिळाली. १७९४ मध्ये तिथे पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. जातीच्या नियमांमुळे कबर खणायलासुद्धा माणसं मिळेनात. त्यानंतर डोरोथींचं मन ढासळलं. नवऱ्यावर संशय घेत, अंगावर धावून जात. त्या काळी यावर इलाज नव्हता. खोलीत बंद करून ठेवणं एवढंच लोकांना माहीत होतं.

त्याच घरात, शेजारच्या खोलीत बसून केरी बंगाली आणि संस्कृत शिकत होते, बायबलचं भाषांतर करत होते. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलता आलं नाही तर श्रद्धा सांगायची कशी, ही त्यांची साधी धारणा होती. सात वर्षांत एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही.

१८०० च्या जानेवारीत केरी श्रीरामपूरला आले. हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, त्यामुळे कंपनीची बंदी तिथे लागू नव्हती. जोशुआ आणि हॅना मार्शमन, छपाई जाणणारे विल्यम वॉर्ड आणि केरी अशी मंडळी एकत्र राहू लागली. कमाई एका थैलीत, जेवण एका पंगतीत. पंचानन कर्मकार यांच्यासारखे कसबी कारागीर खिळे पाडायला मिळाले. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा निखळलेला खांदा थॉमस यांनी बसवला. त्या ओळखीतून २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात पहिला बाप्तिस्मा झाला. केरींच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा आनंदाचा दिवस. पण आनंदाने थॉमस यांच्या मनाचा तोल गेला, त्यांना बंद करावं लागलं. डोरोथी आपल्या खोलीत बंद होत्याच. नदीकाठी प्रार्थना चालू होती आणि या दोघांचा आक्रोशही.

पुढचं तुम्हाला माझ्या भाषणातून माहीत आहे. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. त्याच वर्षी फोर्ट विल्यम कॉलेजात केरी शिकवू लागले, आधी बंगाली आणि संस्कृत, मग आपली मराठीही. पगार मिशनच्या थैलीत जाई. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. कोशातले मराठी शब्द मोडी खिळ्यांत छापले होते. मराठी छपाईचे हे अगदी सुरुवातीचे दिवस. महाराष्ट्रात मात्र केरी कधी आले नाहीत. त्यांची मराठी भाषांतरं ओबडधोबड ठरली आणि मुंबईतल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी ते काम पुन्हा नव्याने केलं.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. अनेक लिप्यांचे खिळे वितळले, बहुभाषिक कोशाचं हस्तलिखित जळालं. बॅकअप म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा या गोष्टीतून शिकले. खिळे पाडायचे मूळ ठसे ढिगाऱ्यात शाबूत सापडले. तेच वितळलेलं शिसं पुन्हा ओतून काही आठवड्यांत छपाई सुरू झाली. आणि केरी पन्नाशीत पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसले. १८१८ मध्ये श्रीरामपूरला कॉलेज निघालं, ते आजही आहे. सतीविरुद्ध केरी कित्येक वर्षं बोलत होते. १८२९ मध्ये बंदीचा हुकूम भाषांतरासाठी आला तो रविवारी, तेव्हा त्यांनी त्या दिवशीचं प्रवचन दुसऱ्यावर सोपवलं आणि दिवसभरात भाषांतर पुरं केलं. उशीर झाला तर आणखी एखादी बाई जळेल, अशी त्यांना धास्ती होती.

डोरोथी हे काहीच पाहू शकल्या नाहीत. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्या गेल्या. केरींनी त्यांना कुठल्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं नाही, शेवटपर्यंत घरीच ठेवलं, हे खरं. आणि केरी ९ जून १८३४ ला वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दुसऱ्या पत्नीच्या, शार्लटच्या शेजारी पुरलं, हेही खरं. एकेचाळीस वर्षांत ते एकदाही इंग्लंडला परतले नाहीत.

हे सगळं मी परत का वाचलं, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी कंपनीने मला तीन वर्षांसाठी युरोपात पाठवलं. नवऱ्याने नोकरी सोडली, पाच वर्षांची लेक बरोबर आली. मी कामात गुंग. रिलीज संपल्यावर एका रात्री नवऱ्याने सांगितलं, की चार महिने झाले, मुलगी शाळेत एक शब्द बोललेली नाही. मला पत्ताच नव्हता. माझं काम केरींच्या कामाएवढं मोठं नव्हतं, आणि आमच्या हाताशी डॉक्टर होते, फोन होता, परतीचं विमान होतं. लेक बोलू लागली. पण त्या रात्री मला बाईंचा प्रश्न आठवला, आणि पीटरही तेवढाच होता हे पुढे वाचनात आलं.

केरींबद्दलचा माझा आदर कमी झाला नाही. ज्यांना आपली श्रद्धा सांगायची त्यांची भाषा आधी शिकणं, सात वर्षं कोणी ऐकत नसताना शिकत राहणं, हे मला आजही थोर वाटतं. फक्त आता ते भाषण परत करायचं झालं, तर सुरुवात लग्नाच्या नोंदवहीतल्या त्या फुलीपासून करीन.

मेळाव्याला बाई येणार आहेत, असं कळलं. त्यांच्या घरी कोण कोण होतं, बाई, ते आता मला सांगता येईल.