टोपणनावाआडचा रसायनज्ञ

संख्याशास्त्राच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला ‘स्टुडंट’ची टी-कसोटी पाठ असते, परंतु हा स्टुडंट कोण, असे विचारले की वर्ग गप्प होतो. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी काढलेली कसोटी म्हणून ते नाव, असे उत्तर मी एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. वस्तुतः ती जन्मली बिअरच्या कारखान्यात, आणि तिचे जनक विल्यम सीली गॉसेट हे पेशाने रसायनज्ञ होते.

१८७६ साली कँटरबरी येथे जन्मलेले गॉसेट ऑक्सफर्डला गणित व रसायनशास्त्र शिकले आणि १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीस लागले. बार्ली, हॉप्स, यीस्ट यांची तेथे नित्य तपासणी चाले. अडचण अशी की, तत्कालीन संख्याशास्त्र निरीक्षणांच्या मोठ्या समूहावर उभे होते आणि कारखान्यापाशी असत जेमतेम चार-पाच पृथक्करणे. प्रत्येक जादा पृथक्करणाला पैसा लागतो. तेव्हा किती केली म्हणजे पुरे, हा प्रश्न रसायनाइतकाच अर्थशास्त्राचाही होता. १९०४ मध्ये त्यांनी कंपनीला त्यावर अहवाल दिला आणि १९०६-०७ साली लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे जाऊन अभ्यास केला. पिअर्सन यांना मात्र लहान नमुन्यांचे अगत्य नव्हते. त्यांच्यापाशी आकड्यांचा तुटवडा नव्हता.

गॉसेट यांनी तीन हजार गुन्हेगारांची मापे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ती पिसली आणि चारचारचे ७५० गट पाडून आपले गणित पडताळले. १९०८ सालचा तो निबंध ‘स्टुडंट’ या नावाने निघाला, कारण नोकरांनी स्वतःच्या नावाने लेखन प्रसिद्ध करणे कंपनीला मान्य नव्हते.

त्यांचा १९२७ चा, नित्याच्या पृथक्करणातील चुकांवरील निबंध अर्थशास्त्राच्या वर्गात कोणी उघडत नाही. मला तो अधिक मोलाचा वाटतो. एकाच दिवशी, एकाच हाताने, लागोपाठ केलेली दोन पृथक्करणे एकमेकांशी छान जुळतात, आणि तिथेच माणूस फसतो. द्रावण तेच, उपकरण तेच, पाहणारा डोळा तोच. मग चूकही दोन्हींत तीच शिरते. म्हणून पुन्हा करावयाची चाचणी दुसऱ्या दिवशी करणे श्रेयस्कर. आपल्याच उत्तरपत्रिका लागोपाठ दोनदा तपासून निकाल बरोबर असल्याचे समाधान मानणाऱ्या आम्हा परीक्षकांनाही हे लागू आहे.

आजच्या प्रयोगशाळांची परीक्षा हीच शंका धरून घेतली जाते. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांकडे धाडतात. जिचे उत्तर मान्य मूल्यापासून प्रमाण विचलनाच्या दुपटीच्या आत ती उत्तीर्ण, तिपटीपलीकडे गेली ती नापास. हा केवळ पुस्तकी खेळ नव्हे. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने मॅगी नूडल्सवरील बंदी रद्द केली, तेव्हा शिशाची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांना त्यासाठी अधिस्वीकृती नव्हती, हे एक कारण होते. नमुने तीन अधिस्वीकृत प्रयोगशाळांत पुन्हा तपासावे लागले. पहिल्या आकड्यावर दुकानांतून माल केव्हाच उचलला गेला होता.

गॉसेट यांनी नोकरी कधी सोडली नाही. प्राध्यापकी केली नाही, ग्रंथ लिहिला नाही. १९३५ मध्ये कंपनीने लंडनच्या पार्क रॉयल येथील नवा कारखाना त्यांच्या हाती सोपविला. १९३७ साली ते कंपनीचे प्रमुख मद्यनिर्माते झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, एकसष्टाव्या वर्षी, निवर्तले.