अंगणात आलेली शाळा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात अधूनमधून रिकामी राहणारी एखादी जागा आहे का? आपल्या शिरपूर भागात कपाशी वेचणीचे दिवस आले, की काही घरांतले अम्मी-अब्बा सकाळीच शेतावर जातात. मग मोठ्या बहिणीला धाकट्या भावाजवळ घरी थांबावे लागते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. दुसऱ्या दिवशी आपण तिला विचारतो, की काल तू का आली नाहीस? पण तिचे उत्तर नीट ऐकून घ्यायला आपल्याजवळ वेळ नसतो. आज तुम्हांला अशा एका बाईंची ओळख करून देत आहे, की ज्यांनी हे उत्तर ऐकून घेतले आणि त्यासाठी शाळेचे रूपच बदलून टाकले. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिव केळकर हे प्रार्थना समाजातील सुधारक विचारांचे गृहस्थ होते. मुलींनी शिकू नये असे मानणाऱ्या त्या काळात ताराबाई कॉलेजात गेल्या आणि 1914 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे त्यांचे लग्न झाले. त्या अमरावतीला राहू लागल्या. पण संसार सुखाचा झाला नाही. 1921 मध्ये त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी होती. अशा वेळी एकट्या बाईने स्वतःच्या पायावर उभे राहणे सोपे नव्हते. ताराबाई खचल्या नाहीत. राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या म्हणून त्या काम पाहू लागल्या.

पद मानाचे होते, पगारही चांगला होता. परंतु त्याच काळात भावनगरच्या एका नव्या बालमंदिराविषयी त्यांच्या वाचनात आले. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील आपली वकिली सोडून तेथे लहान मुलांना शिकवत होते. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोम शहरातील गरीब वस्तीत बालघर सुरू केले होते. लहान मूल केवळ ऐकून नव्हे, तर हाताळून, पाहून आणि स्वतः करून शिकते, असे त्यांना तेथे दिसून आले. गिजुभाईंनी हीच वाट धरली होती. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती. मुले त्यांना प्रेमाने मिशीवाली आई म्हणत.

ताराबाईंनी 1923 मध्ये राजकोटची नोकरी सोडली आणि त्या भावनगरला गेल्या. पुढची सुमारे नऊ वर्षे त्यांनी गिजुभाईंबरोबर काम केले. मित्रांनो, एक गोष्ट लक्षात घ्या. ताराबाईंची मातृभाषा मराठी होती. पण त्यांनी गुजरातीतून काम केले, गुजरातीतून लिहिले. घरची भाषा एक आणि कामाची भाषा दुसरी, हा अनुभव तुम्हांला नवा नाही. दुसरी भाषा त्यांना ओझे वाटली नाही. तिच्यामुळे त्यांच्या कामाचे क्षेत्र मोठे झाले.

1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे शिक्षणपत्रिका नावाचे मासिक ताराबाईंनी 1933 पासून मराठीतही काढले. ते शिक्षकांसाठी होते, तसेच आईबापांसाठीही होते. मुलाला मारून किंवा भीती दाखवून त्याला वळण लागत नाही, मुलाच्या प्रश्नांना उत्तरे दिली पाहिजेत, त्याला त्याची कामे स्वतः करू दिली पाहिजेत, हे विचार त्यामुळे मराठी घरांत पोहोचू लागले.

1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे बालशिक्षिकाही तयार होऊ लागल्या. संस्था नावारूपाला आली. येथे थांबून ताराबाईंना समाधानाने राहता आले असते. पण त्यांच्या मनाला एक प्रश्न सतावत होता. शिशुविहारात येणारी बहुतेक मुले सुस्थितीतील घरांतली होती. माँटेसरीची साधने महाग होती. ज्या घरात दोन वेळचे अन्न कष्टाने मिळते, तेथल्या मुलाला हे शिक्षण कसे मिळणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी मुंबई सोडली. 1945 मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी या गावी त्यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा हे गाव ठाणे जिल्ह्यात होते. 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. त्या वेळी ताराबाईंचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ होत्या. अनुताईंनी पुढे आपले सारे आयुष्य या कामाला दिले.

बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले आपणहून येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष दिला नाही. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतल्या एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तेथेच खेळ, गाणी, गोष्टी सुरू करायच्या. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणून तिचे नाव अंगणवाडी.

महाग साधनांचा प्रश्नही त्यांनी सोडवला. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती आणि बांबू या वस्तूंना पैसे पडत नव्हते. त्यांच्या मदतीने मुले मोजायला, रंग ओळखायला आणि लहान-मोठे सांगायला शिकू लागली.

पुढे हे काम जवळच्याच कोसबाड टेकडीवर गेले. हा भाग वारली आदिवासींचा. येथली मोठी मुले दिवसभर गुरे राखत. त्यांच्यासाठी गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरू लागली. ती कुरणशाळा. काही मुली धाकट्या भावंडांना सांभाळायचे म्हणून शाळेला मुकत. त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. तान्हे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई तिच्या वर्गात! या योजनेला विकासवाडी असे नाव दिले होते. मुलीच्या गैरहजेरीचे खरे कारण समजले, म्हणून त्यावरचा उपायही सापडला.

1962 मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, भारत सरकारने लहान मुलांच्या पोषणासाठी, आरोग्यासाठी आणि शिक्षणासाठी देशभर एक मोठी योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. शिरपूरच्या गल्लीपासून सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पावरा वस्त्यांपर्यंत आज हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी आपले पहिले गाणे तेथेच म्हटले असेल.

मित्रांनो, आता पुन्हा आपल्या वर्गातल्या त्या रिकाम्या जागेकडे पाहा. नवी शाळा काढणे तुमच्या हाती नाही. पण संध्याकाळी त्या मुलीच्या घरी जाणे, ती का आली नाही हे शांतपणे ऐकून घेणे आणि दिवसभरात झालेला धडा तिला समजावून सांगणे, हे तुम्हांला नक्की जमेल. आणि तिची अडचण तुमच्या शक्तीबाहेरची वाटली, तर ती आपल्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या कानावर घाला. ताराबाईंच्या मोठ्या कामाची सुरुवातही अशीच, एका घराच्या अंगणात जाऊन झाली होती.