भाभा आणि खिळ्यावरचा बॅज

दिवाळीच्या सुट्टीत मी वसमतला घरी होते. आजी अंगणात घसरली म्हणून तिला मनगटाचा एक्स-रे काढायला घेऊन गेले. मनगट शाबूत निघालं, पण त्या खोलीत खिळ्याला लटकलेला एक छोटासा बॅज माझ्या डोक्यात राहिला. एक्स-रे काढणाऱ्या दादांना विचारलं. तो छातीवर लावायचा असतो, पण हरवू नये म्हणून तिथेच ठेवतो, असं ते म्हणाले. तीन महिन्यांनी तो लॅबला जातो, आणि रिपोर्ट दरवेळी चांगला येतो. येणारच, खिळ्याचा रिपोर्ट तो!

हा बॅज घालायला लावणारा नियम आला कुठून हे शोधत गेले, आणि पोचले थेट होमी भाभांपर्यंत.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईचा. वडील वकील. मुलाने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात लागावं, अशी घरची इच्छा. मुलाला मात्र फिजिक्सचं वेड. (आपल्या अर्ध्या होस्टेलची हीच स्टोरी आहे ना?) शेवटी तडजोड झाली. मेकॅनिकलला फर्स्ट क्लास आणलास तर पुढे गणित शिकायला पैसे देऊ, असं वडिलांनी कबूल केलं. 1930 मध्ये पठ्ठ्याने फर्स्ट क्लास आणला. 1939 साली ते सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि ते इथेच राहिले. आधी बेंगळुरूला, मग 1945 पासून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. 1948 ला अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, त्याचे अध्यक्ष तेच. 1954 ला ट्रॉम्बेचं केंद्र सुरू झालं, आणि 4 ऑगस्ट 1956 ला तिथे 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी चालू झाली, रशियातल्या सोडल्या तर.

त्यांची चित्रं, त्यांचं संगीत, त्यांची बाग, हे सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती 1960 सालची त्यांची एक सूचना, जी ट्रॉम्बेतल्या सगळ्यांसाठी होती. किरणोत्सर्गी पदार्थ असे हाताळा की केंद्रातल्या कामगाराला किंवा बाहेरच्या कोणालाही इजा होणार नाही, आणि इतक्या चोख रीतीने हाताळा की देशातल्या इतर संस्थांनाही तसंच करा म्हणून सांगता येईल. असा तिचा आशय. मला यातला दुसरा भाग आवडतो. ट्रॉम्बेत शास्त्रज्ञ होते, मीटर होते. पण उद्या एक्स-रे मशीन तालुक्याला पोचणार, तिथे कोण बघणार?

त्या काळी जगभर एक फॉर्म्युला चालायचा. वय एन असेल तर आयुष्यभराचा एकूण डोस 5 गुणिले (एन वजा 18) रेमपेक्षा जास्त नको. मी वीस वर्षांची, म्हणजे माझ्या वाट्याला 10 रेम. अठराला उत्तर शून्य येतं, म्हणजे त्याआधी हे काम करायचंच नाही! वर्षाला सरासरी 5 रेम, आजच्या भाषेत 50 मिलिसिव्हर्ट. जपानमधल्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या लोकांचा अभ्यास जसा वाढत गेला तशी मर्यादा खाली आली. आपल्याकडे आता पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. सामान्य माणसाला फक्त 1.

1962 ला अणुऊर्जा कायदा आला आणि असे नियम करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण एक गोष्ट खटकते. अणुभट्ट्या बांधणारं खातं भाभांचं, आणि त्यावर लक्ष ठेवायचं तेही त्याच खात्याने. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासावा, तसं झालं हे! वेगळं नियामक मंडळ निघालं ते 1983 ला, आणि तेसुद्धा अणुऊर्जा आयोगालाच उत्तर देणारं. भाभांसारखा माणूस वर असेल तर चालून जातं, पण माणूस कायमचा नसतो.

24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. त्यात भाभा गेले, वय अवघं 56. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं. कामगारांच्या किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम 1971 ला निघाले, ते त्यांनी पाहिलेच नाहीत. 2004 ला त्यांच्या जागी नवे नियम आले.

आणि तो बॅज? त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरण पडले की त्या ऊर्जा साठवून ठेवतात आणि लॅबमध्ये तापवल्या की उजेड देतात. जितका उजेड, तितका डोस. ट्रॉम्बेच्याच शास्त्रज्ञांनी तो बनवला आणि 1975 पासून जुन्या फिल्म बॅजच्या जागी वापरात आणला. लेड एप्रन घातला असेल तर बॅज एप्रनच्या आत, छातीशी लावायचा. आजीला परत दाखवायला नेलं तेव्हा मी हे सगळं दादांना सांगितलं. ते हसले, बॅज काढून खिशाला लावला, आणि एप्रन कुठे ठेवलाय ते शोधायला लागले.