जॉन न्यूटन यांचे चरित्र : वाणी, करणी आणि अंतःकरण

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एखादा मनुष्य प्रभूकडे वळला म्हणजे लोक प्रथम त्याच्या जिभेकडे पाहतात. काल बैलाला व बायकोला सारख्याच शिव्या देणारा आज तोंड आवरतो, हे शेजाऱ्याच्या लागलेच ध्यानात येते. हे पाहणे योग्यच आहे. अंतःकरणात जे भरले असते ते तोंडावाटे बाहेर पडते, असे प्रभूने शिकविले आहे. परंतु झाडाची पारख फळावरून करावी असेही त्यानेच शिकविले, आणि फळ पिकण्यास काळ लागतो. इंग्लंडातील पाळक व गीतकार जॉन न्यूटन यांचे चरित्र एका वादळी रात्रीत सर्व पालट झाला अशा रीतीने पुष्कळदा सांगण्यात येते. आम्हीही उपदेशात ते तसेच सांगत आलो. खरी हकीकत निराळी आहे, व आमच्या मते ती आपणांस अधिक उपयोगाची आहे.

जॉनचा जन्म इ. स. १७२५ मध्ये लंडन शहरात झाला. बाप व्यापारी गलबताचा कप्तान होता. आई भक्तिमान होती; तिने लहानपणीच मुलाकडून प्रश्नोत्तरावली व गीते पाठ करून घेतली. पण जॉनला सात वर्षे पुरी होण्यापूर्वीच ती क्षयाने वारली. अकराव्या वर्षी तो बापाबरोबर दर्यावर गेला, व तेथे आईची शिकवण हळूहळू बुजून गेली. इ. स. १७४४ मध्ये त्याला आरमाराच्या लोकांनी बळजबरीने धरून नेले. पळून जाताना सापडला तेव्हा सर्वांदेखत फटके बसले. ते जहाज हिंदुस्थानाकडे निघाले होते. पण वाटेत मदीरा बेटापाशी जॉनची रवानगी गुलामांच्या व्यापाराच्या एका गलबतावर झाली, आणि तो आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागला.

तेथे सिएरा लिओनजवळच्या एका बेटावर तो एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या चाकरीत राहिला. तापाने आजारी पडला तेव्हा त्या घरात त्याला पोटभर अन्न मिळेना. अशा वेळी कोणी दया केली? साखळदंडात बांधलेल्या गुलामांनी. आपल्या तुटपुंज्या अन्नातून काही बाजूस काढून ते त्याला चोरून आणून देत; कोणी पाहिले तर शिक्षा ठरलेली. त्या लोकांना ख्रिस्ताचे नावही ठाऊक नसावे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा निघणार आहे.

इ. स. १७४७ मध्ये बापाच्या ओळखीने एका गलबताने त्याला तेथून उचलले. त्या काळी त्याची जीभ एवढी घाणेरडी होती की दर्यावरचे खलाशीदेखील दचकत. जुन्या शिव्या पुरेनात म्हणून तो नव्या रची. आपल्या गलबतावर दुसरा योनाच चढला आहे, असे कप्तानाला वाटू लागले. मार्च १७४८ मध्ये उत्तर अटलांटिक समुद्रात रात्री भयंकर वादळ झाले व गलबताची एक बाजू फुटली. पाणी उपसता उपसता जॉनच्या तोंडून देवाच्या दयेची याचना अवचित निघाली, आणि आपल्याच तोंडचा तो शब्द ऐकून तो थबकला. कित्येक वर्षांत त्याने दया मागितली नव्हती. आईने पेरलेले कोठेतरी जिवंत होते. मनाने कबूल करण्यापूर्वी तोंडाने ते उघड केले. सुमारे चार आठवड्यांनी ते मोडके गलबत आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले. त्या दिवसापासून शिव्यांची सवय सुटली ती कायमची.

येथे आम्ही उपदेशक लोक गोष्ट संपवितो. पण पुढे काय झाले? जॉन पुन्हा गुलामांच्याच व्यापारात शिरला. इ. स. १७५० मध्ये विवाह झाल्यावर तो अशा गलबताचा कप्तान झाला व तीन सफरी केल्या. रविवारी तो खलाशांना जमवून प्रार्थना चालवी, शास्त्र वाची, पत्नीला भक्तिपूर्ण पत्रे लिही. वर प्रार्थना चाले, आणि खाली, ज्यांच्या भाऊबंदांनी त्याला एके काळी चोरून अन्न दिले त्याच देशाची माणसे, कूस पालटण्यासही जागा नाही अशी साखळ्यांनी जखडून निजविलेली असत. बंडाचा संशय आला तेव्हा काही मुलांचे अंगठे स्क्रूच्या यंत्रात दाबून त्याने कबुलीजबाब घेतला, व हे त्याने स्वतःच्या रोजनिशीत नोंदले आहे.

तो ढोंगी होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याची प्रार्थना खरी होती. पण हा धंदा त्या देशात अब्रूचा गणला जाई. देवळात पुढच्या बाकांवर बसणारे सभ्य गृहस्थ त्यात पैसा घालीत. शिवी देणे पाप आहे हे सर्वांनी सांगितले होते. माणूस विकणे पाप आहे हे बहुधा कोणी सांगितलेच नाही. आपल्यातही जो भाऊ तोंडाने कधी वाईट बोलत नाही, त्याच्या मापाविषयी अथवा व्याजाच्या दराविषयी आपण कितीदा विचारतो? मात्र त्या काळची रीत सांगून न्यूटनचा दोष फिटतो असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी स्वतःही तसे म्हटले नाही.

धंदा सुटला तोही विवेकाच्या टोचणीने नव्हे. इ. स. १७५४ मध्ये चौथी सफर निघण्याच्या बेतात असताना त्यांना एकाएकी झटका आला, व वैद्यांनी दर्यावर जाण्यास मनाई केली. मग लिव्हरपूल बंदरात जकात खात्यात नोकरी करीत त्यांनी ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास केला. इ. स. १७६४ मध्ये दीक्षा होऊन ते ओल्नी गावी पाळक झाले. तेथील गरीब लोकांत, विशेषतः लेस विणून पोट भरणाऱ्यांत, त्यांनी सोळा वर्षे सेवा केली. कवी कूपर यांच्यासह रचलेला त्यांचा गीतसंग्रह इ. स. १७७९ मध्ये निघाला. त्याच १७६४ साली त्यांनी आत्मचरित्रही छापले होते, पण त्यात गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार जवळजवळ नाहीच. वादळाला तेव्हा सोळा वर्षे झाली होती.

पुढे ते लंडनला पाळक असता, इ. स. १७८५ मध्ये विल्यम विल्बरफोर्स नावाचा पार्लमेंटचा तरुण सभासद लोकांच्या नजरा चुकवून त्यांच्या भेटीस आला. राज्यकारभार सोडून धर्मसेवेत शिरावे काय, असा त्याचा प्रश्न होता. न्यूटनसाहेबांनी त्याला आहे तेथेच राहून देवाची सेवा करण्यास सांगितले. (याच विल्बरफोर्सने इ. स. १८१३ मध्ये कंपनी सरकारच्या मुलखात मिशनरींना वाट मिळावी म्हणून झगडा केला, हे आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.)

इ. स. १७८८ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, न्यूटनसाहेबांनी त्या व्यापाराविषयी एक लहान पुस्तक छापले. त्यात गलबतावरील सर्व हकीकत उघड केली. आपण स्वतः या कामात हात घातले याची लाज वाटते, आणि ही कबुली फार उशिरा येत आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांच्या नावाला तेव्हा मोठा मान होता. गप्प राहिले असते तर कोणी विचारले नसते. पुढे सरकारी समित्यांपुढे उभे राहून त्यांनी साक्षही दिली. आमच्या मते त्या वादळातील शब्दाचे खरे फळ हे होय. ते पिकण्यास चाळीस वर्षे लागली.

मार्च १८०७ मध्ये पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा कायदा केला. न्यूटनसाहेब तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे असून त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी ते प्रभूकडे गेले. आपल्या स्मृतिशिलेचा मजकूर त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. आपण एके काळी नास्तिक व दुराचारी असून आफ्रिकेत गुलामांचेही चाकर होतो, असे त्यात आहे. गुलामांच्या गलबताचे कप्तान होतो, हे तेवढे त्यात नाही. त्यासाठी ते लहान पुस्तक वाचावे लागते.